का-बार सुरा

का-बार सुरा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मरीन कोर या नाविक पायदळासाठी दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४२ मध्ये सिद्ध झालेला स्थिर पात्याचा सुरा. हातघाईची लढाई आणि छावणीतील दैनंदिन काम या दोहोंसाठी तो योजिलेला होता. युद्धोत्तर काळात तो शिकारी, मासेमार व रानावनांत मुक्काम करणारे हौशी भटके यांच्या वापरात आला आणि पुढे मरीन दलाचे बोधचिन्ह, ब्रीदवाक्य किंवा युद्धप्रसंग कोरलेल्या स्मारक आवृत्त्यांच्या रूपाने संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसला. अवजार, शस्त्र व स्मृतिचिन्ह अशी त्याची तीन रूपे आहेत. त्यांपैकी पहिले रूप सर्वांत महत्त्वाचे असूनही त्याला लौकिक मिळाला तो दुसऱ्यामुळे आणि किंमत मिळते ती तिसऱ्यामुळे.

स्थिर पात्याचा सुरा व मिटता चाकू यांत मूलभूत फरक आहे. मिटत्या चाकूचे पाते खिळीभोवती फिरून मुठीत बसते त्यामुळे तो खिशात ठेवता येतो. तथापि जोर लावताच सर्व भार त्या एका खिळीवर येतो. स्थिर पात्याच्या सुऱ्यात पात्याचेच पोलाद निमुळत्या देठाच्या रूपाने मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेले असते. असा सुरा म्यानात व कमरपट्ट्यालाच बाळगावा लागतो. पण त्याने लाकूड फोडता येते, डबा उचकटता येतो आणि मुठीच्या टोकाने तंबूची खुंटीही ठोकता येते. सैनिकाला अशा सुऱ्याची गरज वाटते ती मुख्यत्वे या कामांसाठी. गोरखा सैनिकांच्या कुकरीची कीर्ती रणांगणावरची असली, तरी नेपाळच्या डोंगराळ मुलखात तिचे नित्याचे काम लाकूडफाटा तोडण्याचेच आहे.

अमेरिकेत सुरा आणि देशाभिमान यांची सांगड का-बारच्या पूर्वी सु. १०० वर्षे घातली गेली होती. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतील एका वाळूच्या बेटावर झालेल्या चकमकीत जेम्स बोई याने मोठ्या सुऱ्याच्या साहाय्याने स्वतःचा जीव वाचविला. पुढे ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधील ॲलामोच्या वेढ्यात तो मारला गेला. यामुळे ‘बोई सुरा’ हे नाव देशभर पसरले. बोईच्या हाती प्रत्यक्षात असलेला सुरा बहुधा खाटकाच्या सुऱ्यासारखा साधा, सरळ पाठीचा असावा. पाठीचा टोकाकडील भाग किंचित अंतर्वक्र छाटलेले जे पाते आज बोईच्या नावाने ओळखले जाते, ते नंतरच्या कारागिरांनी रूढ केले. विशेष म्हणजे या अमेरिकन वीरगाथेचा व्यापारी लाभ सर्वाधिक घेतला तो इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादनगरीने. तेथील कारखानदार अमेरिकन गरुड, राष्ट्राध्यक्षांची मुखचित्रे, स्वातंत्र्य व संघराज्य यांचा जयजयकार करणारी वचने पात्यांवर कोरून हजारो सुरे अटलांटिकपलीकडे पाठवीत. अमेरिकेतील यादवीच्या सुमारास परस्परविरोधी पक्षांच्या घोषणाही शेफील्डमध्येच कोरल्या जात. जॉर्ज वोस्टनहोम या कारखानदाराने तर आपल्या कारखान्याला ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असे नाव दिले होते. देशाभिमानी सुरा परदेशात तयार व्हावा, ही आज वारंवार ऐकू येणारी तक्रार तेव्हापासूनची म्हणावयास हरकत नाही.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) पश्चिम आघाडीवरील खंदकांच्या लढाईमुळे सुऱ्याला पुन्हा सैनिकी महत्त्व प्राप्त झाले. अमेरिकन सेनेने प्रथम १९१७ मध्ये केवळ भोसकण्याच्या उपयोगाचा, त्रिकोणी छेदाच्या पात्याचा सुरा स्वीकारला आणि १९१८ मध्ये ‘मार्क–१’ हा खंदकी सुरा सिद्ध केला. त्याची मूठ ओतीव कांशाची असून तीत चार बोटे अडकविण्यासाठी कडी होती. या कड्यांचा ठोसा मारण्यास उपयोग व्हावा अशी कल्पना होती. दिसण्यात हा सुरा भयंकर खरा, पण हातात तो एकाच रीतीने धरता येई, नेहमीच्या म्यानात नीट बसत नसे, आणि त्याचे पातळ पाते तार तोडताना वा दारूगोळ्याची खोकी उघडताना मोडे. शिवाय तो तयार करण्यास वेळ व पैसा अधिक लागे. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली, तेव्हा मरीन दलाच्या काही तुकड्यांना हेच जुने सुरे देण्यात आले आणि तक्रारींना तोंड फुटले.

दलाजवळ योग्य सुऱ्यांचा पुरेसा साठा नव्हता. त्यामुळे सैनिकांना स्वतःचा सुरा विकत घेऊन बाळगण्याची मुभा देण्यात आली. वेस्टर्न स्टेट्स या कंपनीचे शिकारी धाटणीचे सुरे अशा रीतीने अनेकांच्या कमरेला आले. कित्येकांनी घरून वडिलांचा किंवा काकांचा शिकारीचा सुरा आणला आणि नागरिकांनीही स्वेच्छेने सैनिकांसाठी सुरे पाठविले. पुढील काळात या सुऱ्याभोवती जी आपुलकी निर्माण झाली, तिचे मूळ काही अंशी येथे सापडते. रायफल सरकारची, सुरा मात्र घरचा असे.

दरम्यान मरीन दलाच्या खास छापामार तुकड्यांसाठी (रेडर्स) १९४२ मध्ये एक वेगळाच सुरा करण्यात आला. शांघायच्या नगर पोलीस दलात अनुभव घेतलेले विल्यम फेअरबेर्न व एरिक साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आखलेला दुधारी, सडपातळ कट्यारीसारखा सुरा ब्रिटिश कमांडो वापरीत. त्यावरून हा बेतलेला होता. पहारेकऱ्याला निःशब्द ठार करणे हे त्याचे एकमेव प्रयोजन. त्याची मूठ जस्ताच्या मिश्रधातूची असून ती कालांतराने ठिसूळ होई. सैनिकांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पहारेकऱ्याला ठार करण्याचा प्रसंग क्वचित येई, डबाबंद अन्न मात्र रोज उघडावे लागे.

या अनुभवावरून मरीन दलाचे कर्नल जॉन एम. डेव्हिस व मेजर हॉवर्ड ई. अमेरिका (हे त्या अधिकाऱ्याचे आडनाव होते) यांनी नव्या सुऱ्याचा विचार हाती घेतला. त्यांनी संपूर्ण नवे असे काही शोधून काढले नाही आणि हेच त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य मानले पाहिजे. प्रचारात असलेले शिकारी सुरे त्यांनी पुढे ठेवले आणि सुऱ्या बनविणाऱ्या कारखान्यांतील तंत्रज्ञांच्या मदतीने त्यांत फेरफार केले. पाते अधिक लांब व जाड केले. त्यावर एक उथळ पन्हळ ठेवली. हात पात्यावर घसरू नये म्हणून मुठीपुढे पोलादाची आडवी पट्टी बसविली. मुठीच्या टोकाला हातोडीसारखी वापरता येईल अशी सपाट पोलादी चकती दिली. मुठीसाठी चामड्याच्या चकत्या एकीवर एक दाबून बसविण्याची जी पद्धत स्वीकारली, ती मार्बल्स या कंपनीच्या शिकारी सुऱ्यांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ होती. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘१२१९सी२’ या क्रमांकाने हा नमुना स्वीकारण्यात आला.

या सुऱ्याची एकूण लांबी सु. ३०.२ सेंमी. व पात्याची सु. १७.८ सेंमी. असते. पात्याची जाडी ४ मिमी.हून थोडी अधिक असून एकूण वजन सु. ३०० ग्रॅ. भरते. पोलाद साधे, पण उच्च कार्बनाचे असून त्यात कार्बनाचे प्रमाण सु. १ टक्का असते. पाणी दिल्यावर ते पुरेसे कठीण होते, तरी सैनिकाला साध्या दगडावर त्याची धार लावता येते. मात्र ते गंजते. म्हणून पाते, आडवी पट्टी व टोकाची चकती यांवर फॉस्फेटाचा करडा थर चढवीत. या थराचा दुसरा उपयोग म्हणजे चंद्रप्रकाशात वा प्रकाशगोळ्यांच्या उजेडात पाते चमकून ठावठिकाणा उघड होत नसे. पात्यावरील पन्हळीला बोलीत ‘रक्तनाळ’ म्हणतात आणि रक्त वाहून जाऊन सुरा सहज बाहेर निघावा यासाठी ती असते, असा समज आहे. तो निराधार आहे. पन्हळीमुळे पाते किंचित हलके होते, एवढेच. देठ मुठीच्या टोकाशी घट्ट करण्याच्या रीती मात्र बदलत गेल्या. प्रारंभीच्या काही सुऱ्यांत आट्यांची चाकी वापरलेली आढळते. नंतर देठाचे टोक ठोकून पसरवीत आणि शेवटी आडवी खिळी घालण्याची सोपी व टिकाऊ पद्धत रूढ झाली.

पहिला पुरवठा न्यूयॉर्क राज्यातील कॅमिलस कटलरी कंपनीने २७ जानेवारी १९४३ रोजी केला. ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्वादलकनालची लढाई ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू होऊन ९ फेब्रुवारी १९४३ रोजी संपली. म्हणजे त्या गाजलेल्या बेटावर लढलेल्या मरीन सैनिकांच्या हाती हा सुरा बहुधा नव्हताच. त्यांच्याजवळ होते ते जुने खंदकी सुरे आणि घरून आणलेले शिकारी सुरे. का-बारचा खरा काळ त्यानंतरचा, म्हणजे बूगनव्हिल व तारावा (नोव्हेंबर १९४३) यांपासून इवो जिमा व ओकिनावा (१९४५) यांपर्यंतचा होय. नौसेनेचा स्वतःचा सुरा पाते मोडण्याच्या दोषामुळे नापसंत ठरल्यावर तिनेही हाच नमुना ‘मार्क–२’ या नावाने स्वीकारला. समुद्राच्या पाण्यात चामडे कुजत असल्यामुळे नौसेनेच्या सुऱ्यांना कृत्रिम पदार्थाचे कठीण, करडे म्यान दिले जाई.

कॅमिलसखेरीज रॉबसन, पॅल व न्यूयॉर्क राज्यातीलच ओलीन येथील युनियन कटलरी या कंपन्यांनीही युद्धकाळात हा सुरा बनविला. यांपैकी युनियन कटलरीच्या व्यापारचिन्हाचे नाव ‘का-बार’ होते. एका शिकाऱ्याची बंदूक ऐन वेळी अडली, तेव्हा त्याने जखमी अस्वलाला या कंपनीच्या सुऱ्याने मारले आणि तसे पत्र कंपनीला लिहिले; त्या ओबडधोबड पत्रातील ‘अस्वल मारले’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची जी अक्षरे वाचता आली, त्यांवरून हे नाव घेतले, अशी कंपनीत चालत आलेली कथा आहे. कंपनी हे नाव १९२३ पासून वापरू लागली. युद्धकाळात युनियन कटलरीने १० लाखांहून अधिक सुरे पुरविले. पात्याच्या मुठीलगतच्या बोथट भागावर एका बाजूस ‘का-बार’ व दुसऱ्या बाजूस मरीन दलाची आद्याक्षरे असत. ठसठशीत, उच्चारास सोपे असे हे नाव सैनिकांच्या तोंडी बसले आणि इतर कंपन्यांच्या सुऱ्यांनाही ते सरसकट लावले जाऊ लागले. ज्या कंपनीने पहिला पुरवठा केला तिचे नाव मागे पडले आणि भागीदारांपैकी एकीचे व्यापारचिन्ह वस्तूचेच नाव होऊन बसले. १९५२ मध्ये युनियन कटलरीने स्वतःचेच नाव बदलून ‘काबार’ केले.

पॅसिफिक बेटांवरील या सुऱ्याचा वापर दोन प्रकारचा होता. दिवसा खंदक खणताना मुळे तोडणे, खोकी फोडणे, डबे उघडणे, तारा व दोर कापणे, वेली छाटणे ही कामे तो करी. रात्री खड्ड्यात दोघे सैनिक बसत, एक जागा राही व सुरा हाताशी असे. जपानी सैनिक अंधारात सरपटत येत आणि गोळी झाडल्यास आपली जागा कळे किंवा शेजारच्या खड्ड्यातील सोबत्याला ती लागे. अशा वेळी सुऱ्यावाचून उपाय नसे. याच सुऱ्याचा एक तिसरा उपयोगही नोंदला गेला आहे आणि स्मारक आवृत्त्यांवर तो साहजिकच कोरला जात नाही. पेलेलियू व ओकिनावा येथे लढलेला मरीन सैनिक युजीन स्लेज याने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत, एका सोबत्याने अद्याप जिवंत असलेल्या जखमी जपानी सैनिकाच्या तोंडातील सोन्याचे दात का-बारने उचकटून काढण्याचा कसा प्रयत्न केला, हे लिहिले आहे. स्लेज आपल्या दलाशी आजन्म निष्ठावान होता. म्हणूनच त्याच्या या साक्षीला विशेष मोल आहे. सुऱ्याच्या इतिहासातून ती वगळली, तर उरतो तो केवळ जाहिरातीचा मजकूर.

युद्ध संपल्यावर सैन्याचे शिल्लक सामान विकणाऱ्या दुकानांतून हजारो सुरे नागरिकांच्या हाती गेले. घरी परतलेल्या सैनिकांनी आपले सुरे हरणांच्या शिकारीस, मासेमारीस व मुलांबरोबरच्या रानमुक्कामास नेले. शिकार सोलण्यासाठी हे पाते तसे लांब व जाडच. त्या कामाला त्याच्या निम्म्या लांबीची सुरी अधिक सोयीची, असे अनुभवी शिकारी सांगतात. परंतु जळण फोडणे, निवारा उभारणे यांसारख्या कामांत त्याची बरोबरी करणारे सुरे थोडे. कोरिया (१९५०–५३) व व्हिएटनाम येथील युद्धांतही मरीन सैनिकांनी जुने वा कॅमिलस आदी कंपन्यांनी नव्याने बनविलेले सुरे वापरले.

सुऱ्याच्या तिसऱ्या अवस्थेचा आरंभ १९७५ च्या सुमारास झाला. मरीन कोरची स्थापना १० नोव्हेंबर १७७५ ची. तिच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने काबार कंपनीने युद्धकालीन नमुन्याची सजविलेली स्मारक आवृत्ती काढली. १९७६ हे राष्ट्राच्या स्वातंत्र्याचेही द्विशताब्दी वर्ष होते, त्यामुळे अशा वस्तूंना मागणी मोठी होती. या आवृत्तीला मिळालेल्या प्रतिसादामुळे साध्या, वापरावयाच्या सुऱ्याचेही नियमित उत्पादन पुन्हा सुरू झाले. स्मारकाने मूळ वस्तूला पुनर्जन्म द्यावा, अशी उदाहरणे शस्त्रांच्या इतिहासात फारशी नाहीत. त्यानंतर निरनिराळ्या सेनादलांच्या, युद्धांच्या व मोहिमांच्या नावांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. गरुड, पृथ्वीगोल व नांगर हे मरीन दलाचे १८६८ पासूनचे बोधचिन्ह, ‘सदैव निष्ठावान’ या अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य आणि इवो जिमावरील ध्वजारोहण हे त्यांवरील नेहमीचे विषय. १९९६ मध्ये काबार कंपनी ओलीन येथील ॲल्कस या उद्योगाच्या मालकीची झाली. पहिला पुरवठा करणारी कॅमिलस कंपनी २००७ मध्ये बंद पडली. मरीन दलाने २००३ मध्ये नवी, बहुउपयोगी संगीन स्वीकारल्यानंतरही अनेक सैनिक स्वखर्चाने का-बार बाळगतात आणि निवृत्तीच्या वेळी नाव, पद व तुकडी कोरलेला सुरा भेट देण्याची चाल आहे.

अशा भेटीचा सुरा आणि बाजारातील ‘देशाभिमानी’ सुरा यांत अंतर आहे. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटात जिमी लाइल या अमेरिकन कारागिराने घडविलेला, पोकळ मुठीचा व करवती पाठीचा सुरा झळकला. तेव्हापासून सैनिकी बाजाच्या सुऱ्यांचे पेवच फुटले. ध्वजाचे रंग, गरुड, कवट्या, छद्मी रंगांचे पट्टे यांनी नटलेले, आशियातील कारखान्यांत अगंज पोलादाचे स्वस्तात तयार झालेले हे सुरे मोठ्या प्रमाणावर विकले जातात. त्यांतील पुष्कळांचे देठ मुठीत जेमतेम शिरलेले असते. लाकडावर दोन-चार घाव पडताच मूठ सैल होते. पात्यावर ध्वज असला, तरी मुठीतील देठ आखूड ठेवून कारखानदाराने वाचविलेले पोलाद खरेदीदाराला दिसत नाही. जंगलात एकट्याने गेलेल्या माणसाच्या हातात असा सुरा मोडला, तर ती केवळ आर्थिक हानी राहत नाही. चांगल्या स्मारक आवृत्त्यांत मात्र पाते व देठ वापरावयाच्या सुऱ्याचेच असतात आणि सजावट तेवढी वेगळी असते.

संग्राहकांच्या दृष्टीने युद्धकालीन सुऱ्याचे मोल ठशांची जागा, टोकाची चकती बसविण्याची रीत आणि मुठीतील चकत्या यांवरून ठरते. आट्यांच्या चाकीचे सुरे, तसेच चामड्याच्या चकत्यांमध्ये रंगीत पातळ चकत्या घातलेले प्रारंभीचे सुरे दुर्मिळ समजले जातात. दगडावर वारंवार घासून झिजलेले पाते, घामाने काळवंडलेली मूठ आणि म्यानावर कोरलेले एखाद्या सैनिकाचे नाव यांमुळे किंमत घटावी की वाढावी, याबद्दल संग्राहकांत एकमत नाही. कोरी करकरीत वस्तू हवी असणारे आणि वापराच्या खुणा हव्या असणारे असे दोन पक्ष आहेत. नवे सुरे गंजवून व मुठी काळ्या करून जुने म्हणून विकण्याचे प्रकारही घडतात. कमावलेल्या चामड्यातील द्रव्ये व ओल यांमुळे म्यानात दीर्घकाळ ठेवलेल्या पात्यावर गंजाचे खड्डे पडतात. म्हणून जाणकार संग्राहक पात्याला तेलाचा पातळ हात देऊन सुरा व म्यान वेगवेगळे ठेवतात.